बुटातली पुरचुंडी

डोळे मिटा बरं. नाक मात्र उघडं ठेवा.

आता असं समजा, की तुम्ही एका लांबोळक्या खोलीत उभे आहात. खोलीच्या भिंतींना जमिनीपासून छतापर्यंत फळ्या मारलेल्या आहेत आणि त्या फळ्यांवर चामड्याचे बूट बसले आहेत. गुडघ्यापर्यंत येणारे शिपायांचे बूट, टोकदार नाकांचे दरबारी जोडे, एका म्हाताऱ्याचा टाचा झिजलेला जोड, आणि एका चोराचा. चोराच्या बुटांचे तळ मुद्दाम मऊ केलेले, म्हणजे चालताना आवाज नको. सगळ्यांची तोंडं तुमच्याकडे आहेत आणि सगळी उघडी आहेत. त्या तोंडांतून वास येतोय. घाम शिळा झाला आणि ओल चामड्यात मुरली की येतो ना, तो वास. आला? धरलंत नाक? मग उघडा डोळे.

ही खोली भिंगरीच्या घरात होती.

भिंगरी म्हणजे काही तिचं शाळेतलं नाव नव्हे. ती एका जागी म्हणून बसायची नाही, त्यामुळे मामाने ते नाव पाडलं आणि ते तिला चिकटलं. तिच्या धाकट्या भावाचं नावही मामानेच पाडलेलं, बोळकोबा. तो रांगता होता. तोंडाचं नुसतं बोळकं, त्यात खाली दोन दात, आणि त्या बोळक्यात तो हाताला लागेल ते घालायचा. नाडी, बटण, बहिणीची वेणी, मामाचं पॉलिशचं फडकं, काहीही.

भिंगरीचं घर नाटकवाल्यांना बूट भाड्याने द्यायचं. बाबा थिएटरवर जाऊन नटांच्या पायांची मापं घ्यायचे. मामा, म्हणजे आईचा भाऊ, मागच्या गॅलरीत बसून बुटांना पॉलिश करायचा आणि टाके घालायचा. आणि आई बुटांचा वास काढायची. हे काम सोपं वाटतं, पण नाही. आज ज्या बुटात एक राजा तीन तास घामाघूम झाला, त्याच बुटात परवा दुसऱ्या नाटकाचा कोतवाल पाय घालणार असतो. कोतवालाला राजाचा वास आला तर पुन्हा त्या दुकानाची पायरी कोण चढेल?

आईने भिंगरीला ते सगळं शिकवलं होतं, आणि घाई न करता शिकवलं होतं.

"बूट आला की आधी काय?"

"नाड्या काढायच्या. आतला तळ बाहेर काढायचा. बुटाची जीभ ओढून तोंड मोठं करायचं."

"मग?"

"पाण्यात थोडं व्हिनेगर. त्यात फडकं बुडवून घट्ट पिळायचं, आणि आतून पुसायचं."

"धुवायचं का?"

"छे! चामडं धुतलं की फुगतं, आणि वाळलं की कडक होतं."

"उन्हात ठेवू?"

"नाही. तडे जातात. सावलीत, वाऱ्याला. आत कागदाचे बोळे. बोळे ओले झाले की बदलायचे."

"आणि शेवटी?"

"शेवटी पुरचुंडी!" हे भिंगरी नेहमी ओरडूनच सांगायची, कारण पुरचुंड्या बांधायचं काम तिच्याकडे होतं. जुन्या मऊ कापडाचे चौकोन कापायचे, मधोमध खायच्या सोड्याचा चमचा ओतायचा, चारी टोकं गोळा करून दोऱ्याने बांधायची आणि प्रत्येक बुटात एकेक ठेवायची. सोडा तसाच ओतला तर शिवणीत अडकून बसतो आणि चामडं कोरडं करतो. कापडात बांधला की गुपचूप आपलं काम करतो, सकाळपर्यंत उरलासुरला वास ओढून घेतो.

पण वास येतो कुठून? हेही भिंगरीने विचारलं होतं. आई म्हणाली होती, "बुटाला स्वतःचा वास नसतो गं. आत ओल राहिली की डोळ्यांना न दिसणारे बारीक जीव तिथे मुक्काम ठोकतात. घामावर जगतात. तो वास त्यांचा."

"म्हणजे पाव्हणे आलेत आणि जायचं नाव घेत नाहीत," मामा गॅलरीतून म्हणाला होता, "माझ्यासारखे."

हे बारीक जिवांचं बोलणं भिंगरीच्या डोक्यात पक्कं बसलं. आणि त्यातूनच पुढचं सगळं झालं.

त्या दिवशी शिपायांच्या बुटांची मोठी खेप आली होती. शिपायांचा वास सगळ्यांत वाईट, कारण त्यांना नाटकभर नुसतं उभं राहायचं असतं. आईने बूट पुसून, वाळवून फळ्यांवर लावले आणि ती पुढच्या खोलीत शिवणयंत्रावर बसली. बाबा सकाळीच थिएटरवर गेले होते. भिंगरी खाली बसून पुरचुंड्या बांधू लागली. बोळकोबा तिच्या आसपास रांगत होता.

दोन-तीनच बूट उरले होते आणि सोड्याचा डबा संपला. भिंगरीने डबा उलटा करून बुडावर थापट्या मारल्या. काही नाही.

उठून आईला सांगायचं, एवढंच करायचं होतं. पण आईने सांगितलं असतं, "राहू दे, मामा आणेल संध्याकाळी," आणि भिंगरीला तर सगळी रांग पुरी करून आईला बोलावायचं होतं. आई आली की शेवटच्या बुटाला नाक लावते, भुवया उडवते आणि म्हणते, "वा! यात आता मीही राहीन." ते ऐकायचं होतं.

तेवढ्यात तिची नजर कपाटावर गेली. कपाटाच्या डोक्यावर, अगदी मागे सारून, एक डबा होता. घरात त्याला वरचा डबा म्हणत. त्यात पांढरी, भुरभुरीत पावडर होती. चामड्याला आणि मखमलीला कसर लागू नये म्हणून बाबा ती कपाटांच्या मागे, फटींतून टाकत. तेव्हा बाबा हातमोजे घालत, मुलांना खोलीबाहेर काढत आणि नंतर दार बंद करत. वरच्या डब्याला हात लावायचा नाही, हे भिंगरीला बोलता येऊ लागलं तेव्हापासून ठाऊक होतं.

पण तिने विचार केला. वास म्हणजे बारीक जीव. ही पावडर बारीक जिवांना मारते. मग सोड्यापेक्षा ही बरी की! सोडा नुसता वास ओढतो, ही तर पाव्हण्यांना मुळासकटच घालवेल. आईला हे इतकी वर्षं कसं सुचलं नाही?

तिने स्टूल ओढलं. वर चढली. डबा खाली घेतला. सोड्याच्याच चमच्याने पावडर काढली, उरलेल्या पुरचुंड्या बांधल्या, बुटांत ठेवल्या आणि डबा होता तिथे परत सारला. आणि मग तिने खाली बघितलं.

खोलीत आवाज नव्हता.

बोळकोबा दिवसभर काही ना काही बोलत असायचा. "ब्बा, ब्बा, द्दा," असं त्याचं अखंड भाषण चाले. तो गप्प झाला की घरातलं माणूस हातातलं टाकून धावायचं, कारण तो गप्प म्हणजे तोंडात काहीतरी आहे.

"बोळकोबा?"

तो सगळ्यांत खालच्या फळीपाशी बसला होता, भिंगरीकडे पाठ करून. तिने त्याला वळवलं. त्याच्या एका हातात पुरचुंडी होती. दोरा सुटला होता, कापड ओलं झालं होतं, आणि ओठांवर, हनुवटीवर, झबल्यावर पांढरं पांढरं सांडलं होतं. त्याने तोंड वेडंवाकडं केलं, जीभ बाहेर काढली. जीभही पांढरी.

तिने पुरचुंडी हिसकावली. बोळकोबाने भोकाड पसरलं आणि यंत्र थांबलं.

"काय झालं गं?" आई दारात उभी होती. मग तिने बघितलं आणि एका ढांगेत आत आली. बोळकोबाला उचललं, पदराने तोंड पुसलं, बोट घालून आतलं काढलं. "अरे, अरे, काय खाल्लंस? पुरचुंडी फोडलीस होय रे? काय म्हणावं या पोराला! भिंगरे, सोडाच आहे ना हा?"

आता ऐका. या घडीला भिंगरीला खरं उत्तर माहीत नव्हतं. ती पुरचुंडी सोड्याची असू शकत होती. बहुतेक सोड्याच्याच होत्या. पण एवढं तर तिला माहीत होतं, की "हो" हे उत्तर नाही. "मला ठाऊक नाही," हे उत्तर होतं. ते बोललं की वरच्या डब्याचं बोलावं लागलं असतं, आणि आईचा चेहरा... आईचा चेहरा तिच्यासमोर होता, हातभर अंतरावर, घाबरलेला आणि रागाच्या काठावर.

"हो," भिंगरी म्हणाली.

आईने श्वास सोडला. "मग ठीक. सोडा तर सोडा." तेवढ्यात बोळकोबाने एक उचकी दिली आणि तिच्या खांद्यावर भडाभडा ओकला. आईने एकदा खांद्याकडे, एकदा त्याच्याकडे बघितलं. "तरी दाखवून आणते. दादा! अरे दादा, चप्पल घाल, दवाखान्यात जायचंय."

मामा पॉलिशच्या काळ्या हातांनी आला. "काय गिळलं राजेसाहेबांनी?"

"सोडा."

"घ्या! म्हणजे आजपासून याच्या लंगोटांना वास नाही. घरादाराचं कल्याण झालं." आणि तो हसला. आईसुद्धा जराशी हसली. भिंगरीने मात्र ओली पुरचुंडी मुठीत आवळली.

"तू घरी थांब. दार लावून घे," आई म्हणाली, आणि ते गेले.

भिंगरी बुटांच्या खोलीत एकटी उभी राहिली. इतके दिवस हे बूट तिचे मित्र होते. ती त्यांच्याशी बोलायची, चोराच्या बुटाला दम द्यायची. आज सगळ्यांची तोंडं उघडी होती आणि कुणी बोलत नव्हतं. तिच्या मुठीत ओली पुरचुंडी होती.

सोडा आणि ती पावडर दिसायला सारखी. पण सोडा ओळखायची एक रीत आईने तिला दाखवली होती. डबा जुना झाला की आई चिमूटभर सोड्यावर व्हिनेगरचा थेंब टाकायची. फसफसला तर म्हणायची, "जिवंत आहे." गप्प राहिला तर फेकून द्यायची.

भिंगरीने व्हिनेगरची बाटली घेतली. आधी तिने फळीवरच्या पहिल्या बुटातली पुरचुंडी सोडली, चिमूटभर पावडर बशीत घेतली आणि थेंब टाकला. फस्स! फेस आला, बुडबुडे उडाले. जिवंत.

मग तिने मुठीतलं ओलं कापड उलगडलं. घडीच्या आत, दोऱ्यापाशी थोडी कोरडी पावडर राहिली होती. ती तिने बशीच्या दुसऱ्या बाजूला झटकली. डोळे घट्ट मिटले. मग उघडले, कारण मिटून कसं चालेल? आणि थेंब टाकला.

काही झालं नाही.

थेंब पावडरीवर पडला आणि तिथेच बसून राहिला. तिने कान जवळ नेला. आवाज नाही. आणखी एक थेंब टाकला. नाही. घरातल्या घड्याळाची टिकटिक तेवढी ऐकू येत होती.

ती खाली बसली आणि लगेच उठली. दाराची कडी काढली, परत लावली. परत काढली. तिच्या डोक्यात कितीतरी गोष्टी एकदम आल्या. कदाचित त्याने सगळं ओकून टाकलं असेल. कदाचित डॉक्टरीणबाईंना बघूनच कळेल, त्या एवढ्या शिकलेल्या आहेत. कदाचित सोडाच असेल, पण मेलेला सोडा. कदाचित आत्ता कापड चुलीत टाकलं, बशी धुतली आणि डबा पुसला, तर कुणालाच कधी कळणार नाही.

हा शेवटचा विचार तिच्याच डोक्यात आला होता. त्याची तिला इतकी भीती वाटली, की तिने चपला न घालताच पळायला सुरुवात केली.

कापड मुठीत होतं. रस्ता ओळखीचा होता. न्हाव्याचं दुकान, मग गिरणी, मग पाण्याचा नळ, मग वळण. पण त्या दिवशी तो संपेचना. तळव्यांना खडे टोचले. न्हावी दारातून ओरडला, "अगं भिंगरे, पाय भाजतील!" ती थांबली नाही.

दवाखान्याच्या पायऱ्यांवर तिला हसण्याचा आवाज आला. मामाचा. त्या हसण्याने तिचा जीव भांड्यात पडायला हवा होता. उलट तिचे पाय जड झाले.

आतल्या खोलीत बोळकोबा टेबलावर बसला होता. डॉक्टरीणबाई, पांढऱ्या केसांच्या, गळ्यात नळी घातलेल्या, त्याच्या पोटावर हात ठेवून म्हणत होत्या, "सोडा एवढासाच गेलाय. ओकलाही आहे. काळजीचं कारण नाही. थोडं थोडं पाणी पाजा, दूध घेईल तर द्या, आणि झोपू द्या निवांत."

"बघ, मी म्हटलं नव्हतं?" मामा म्हणाला. "पोरगं दुकानाच्या कामाला लागलंय. आतून स्वच्छ व्हायला लागलंय."

"गप रे दादा," आई म्हणाली, पण तिचा आवाज सैल झाला होता. ती बोळकोबाचं झबलं सारखं करत होती. तो शांत होता, डाव्या हाताची मूठ चोखत बसला होता. आईने त्याला उचललं आणि वळली, तर दारात भिंगरी. "तू? तुला घरी थांब म्हटलं होतं ना? आणि अनवाणी! अगं, काही झालं नाही त्याला. बाई म्हणाल्या, झोपू द्या. चल."

भिंगरी दारातून हलली नाही.

"अगं चल ना. वाट सोड."

मामा तिच्याकडे बघत होता. तिच्या मुठीतून कापडाचं टोक लोंबत होतं. त्याचं हसू हळूहळू मावळलं. "भिंगरे," तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजात थट्टा नव्हती. "काय आहे गं हातात?"

तिला वाटलं, मामाने मूठ उघडावी. मग तिला काही बोलावं लागणार नाही. पण मामा जागचा हलला नाही, आणि आई एक पाऊल पुढे आली, बोळकोबाला घेऊन, घरी जायला. घरी जाऊन त्याला झोपवायला.

"तो सोडा नव्हता," भिंगरी म्हणाली.

"काय?"

"त्या पुरचुंडीत सोडा नव्हता. वरच्या डब्यातली पावडर होती. मी भरली. सोडा संपला म्हणून. तू विचारलंस तेव्हा मी 'हो' म्हणाले, पण मला माहीत नव्हतं. आत्ता व्हिनेगर टाकून बघितलं. फसफसली नाही." हे ती एका दमात बोलली, आणि मग तिला रडू फुटलं. पण रडता रडताच तिने हात पुढे केला आणि ओलं कापड डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर ठेवलं.

आईच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. डॉक्टरीणबाई मात्र क्षणभरही थांबल्या नाहीत. त्यांनी आईच्या हातातून बोळकोबाला घेतलं, टेबलावर बसवलं आणि त्याच्या तोंडातली डावी मूठ बाहेर ओढली. बोटं घट्ट मिटलेली होती. त्यांनी एकेक बोट उघडलं. आत पांढरी पावडर होती, घामाने चिकटलेली. इतका वेळ तो ती चोखत होता. झोपवलं असतं, तर झोपेतही चोखत राहिला असता.

"पाणी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "कपडे काढा त्याचे. हात, तोंड, हनुवटी, सगळं धुवायचं. आणि तो डबा मला हवा. डबाच हवा, नुसती पावडर नको. त्यावर काय लिहिलंय ते बघायचंय. कोण आणतं?"

"मी," मामा म्हणाला, आणि काळ्या हातांनिशी पायऱ्या उतरून पळाला.

त्यानंतरचा वेळ कसा गेला ते भिंगरीला नीट सांगता आलं नसतं. बोळकोबा ओरडत होता. आई त्याचे हात साबणाने धूत होती. मामा डबा घेऊन आला तेव्हा त्याला बोलता येईना, इतका दम लागला होता. डॉक्टरीणबाईंनी डब्याचा कागद चष्म्याजवळ धरून वाचला, मग मोठ्या इस्पितळात फोन लावला आणि बराच वेळ हळू आवाजात बोलत राहिल्या. भिंगरी बाकाच्या टोकावर बसून त्यांच्या पाठीकडे बघत होती. पाठीवरून काही कळत नाही, तरी ती बघत होती.

फोन ठेवून डॉक्टरीणबाई वळल्या. "थोडीच गेली आहे. आणि आता आपल्याला ठाऊक आहे काय गेलंय, तर काय करायचं तेही ठाऊक आहे. संध्याकाळपर्यंत इथेच ठेवू. मी बघत राहीन."

"पण तो... बरा होईल ना?" हे आईने विचारलं. भिंगरीचीही तीच विचारायची इच्छा होती, पण आपल्याला तो हक्क राहिला नाही असं तिला वाटत होतं.

"होईल असं वाटतंय. पण मी अंदाजाने घरी पाठवत नाही. मघाशी पाठवतच होते," त्या म्हणाल्या आणि भिंगरीकडे बघून थांबल्या. रागावल्या नाहीत, शाबासकीही दिली नाही. "तुझेही हात धुऊन ये. कोपरापर्यंत."

संध्याकाळपर्यंत आई भिंगरीशी एक शब्द बोलली नाही. ती एकदा तरी ओरडली असती, पाठीत धपाटा घातला असता, तर भिंगरीला बरं वाटलं असतं. पण आई बोळकोबाला मांडीवर घेऊन त्याच्याकडेच बघत राहिली. तो जरा झोपला की डॉक्टरीणबाई त्याची नाडी बघत, आणि भिंगरी त्याच्या पोटाकडे बघायची. खाली-वर, खाली-वर. एकदा ते पोट बराच वेळ थांबल्यासारखं वाटलं आणि ती बाकावरून उडालीच. मग त्याने सुस्कारा टाकला. मामाने तिचा दंड धरून तिला परत बसवलं आणि दंड तसाच धरून ठेवला.

खिडकीतलं ऊन भिंतीवरून सरकत गेलं आणि नाहीसं झालं. आणि मग बोळकोबा उठून बसला, डॉक्टरीणबाईंची नळी पकडली आणि ती तोंडात घालायला निघाला.

"ब्बा, द्दा, ब्बा," तो म्हणाला.

"हा बरा आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि पहिल्यांदा हसल्या. "रात्रीतून काही वाटलं तर मला उठवा. उद्या सकाळी परत दाखवा."

घरी परतताना मामाने बोळकोबाला खांद्यावर घेतलं आणि तो मुद्दाम पुढे चालत राहिला. मागे आई आणि भिंगरी. नळापाशी आल्यावर आई बोलली.

"मी विचारलं तेव्हा 'हो' का म्हणालीस?"

"तू रागावशील म्हणून."

"रागावलेच असते." आई थोडी चालली. "आताही रागावलेय. खूप."

"माहितीये."

"डब्याला हात लावलास त्याचा राग आहे. त्या 'हो'चा त्याहून जास्त आहे. मी बाईंना तुझ्याच तोंडचं सांगितलं, भिंगरे. अगदी छातीठोकपणे सांगितलं."

थोड्या वेळाने आईने तिच्या अनवाणी पायांकडे बघितलं, आपल्या चपला काढल्या आणि तिच्यासमोर ठेवल्या. त्या तिला फारच मोठ्या होत्या. फटक-फटक आवाज करत ती घरापर्यंत चालली, आणि आई अनवाणी.

घरात दिवा होता. बाबा थिएटरवरून नुकतेच आले होते. मापाची फीत अजून गळ्यात होती. त्यांना कुणीच काही कळवलं नव्हतं. सगळे एकदम आत आलेले बघून ते हसले. "ही काय मिरवणूक? आणि दार सताड उघडं टाकून कुठे गेला होतात? काय गं भिंगरे, आज किती शिपायांची अब्रू वाचवलीस?"

मामा थांबला. आई पुढे झाली. तिने बोळकोबाला मामाकडून घेतलं, श्वास घेतला आणि सांगायला तोंड उघडलं.

भिंगरीने आईकडे बघितलं. आई सांगेल. आई नीट सांगेल, कदाचित थोडं सांभाळूनही घेईल. आपण फक्त आईच्या मागे उभं राहायचं.

तिने त्या मोठ्या चपला पायांतून काढल्या आणि आईच्या पुढे जाऊन उभी राहिली.

"बाबा, तुम्ही आधी बसा," ती म्हणाली. बाबांचं हसू अर्धवट राहिलं. ते स्टुलावर बसले. भिंगरीने दोन्ही हात फ्रॉकला घट्ट धरून ठेवले, आणि वरच्या डब्यापासून सुरुवात केली.